कलम 45 घेऊन कोर्टात गेलं तर काय होतं? मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वांबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वाडीवरची अंगणवाडी आठ महिने बंद आहे. सेविका निवृत्त झाली, तिची जागा भरली नाही, मुलांचा आहारही थांबला. राज्यघटनेचं कलम 45 सहा वर्षांखालच्या मुलांच्या संगोपनाची आणि शिक्षणाची गोष्ट करतं, पण ते पडलं मार्गदर्शक तत्त्व. त्यामुळे कोर्टात दाद मागता येणार नाही, असं तुमच्या क्लासच्या सरांनी सांगितलं. मग मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वं यांत नेमका फरक काय, आणि दाद मागता येत नसेल तर ही तत्त्वं लिहिलीच कशाला?

सरांनी सांगितलं ते परीक्षेत लिहा, मार्क मिळतील. अंगणवाडी उघडायची असेल तर मात्र ते अर्धंच उत्तर आहे. मी सव्वीस वर्षं उच्च न्यायालयात वकिली करतोय, बहुतेक काम रिट याचिकांचं, म्हणजे सरकारविरुद्ध थेट उच्च न्यायालयात करायच्या अर्जांचं. त्या अनुभवावरून सांगतो.

ज्युनियर असताना मी लिहिलेली पहिली याचिका पाण्याची होती. दुष्काळी तालुक्यातलं गाव, टँकर येत नव्हता. मी मन लावून ग्राउंड्स, म्हणजे याचिकेची कायदेशीर कारणं, लिहिली: कलम 38, कलम 39, कलम 47. वाचताना माझा मलाच अभिमान वाटत होता. सिनियरांनी चहा पितापिता ते वाचलं, लाल पेन काढलं आणि तिन्ही ग्राउंड्सवर आडवी रेघ मारली. म्हणाले, "ही तत्त्वं एकटी कोर्टाच्या दारातून आत येत नाहीत रे. कुणाचं तरी बोट धरून येतात. कुणाचं बोट, ते आधी लिही." मग जीविताच्या हक्काचं कलम 21 सगळ्यात वर गेलं, टंचाईचा शासन निर्णय जोडला गेला, आणि माझी तीन कलमं दुसऱ्या पानावर परत आली, टेकू म्हणून. पुढे टँकर सुरू झाला. ते बोट मात्र माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

आधी पुस्तकातला फरक पटकन उरकून घेऊ. घटनेचा भाग तीन म्हणजे मूलभूत हक्क, कलम 12 ते 35. भाग चार म्हणजे मार्गदर्शक तत्त्वं, कलम 36 ते 51. (घटनेच्या अधिकृत मराठी प्रतीत 'निदेशक तत्त्वे' आणि 'अनुच्छेद' असे शब्द आहेत, पण कोर्टाच्या व्हरांड्यात कुणी अनुच्छेद म्हणत नाही.) हक्कांच्या विरोधात जाणारा कायदा कलम 13 मुळे तेवढ्यापुरता रद्द ठरतो. हक्क मोडला तर कलम 32 खाली थेट सर्वोच्च न्यायालयात किंवा कलम 226 खाली उच्च न्यायालयात जाता येतं. तत्त्वांना यातलं काहीच नाही. सरकारने एखादं तत्त्व पाळलं नाही, एवढ्यावर कुठलंही न्यायालय सरकारला हुकूम करत नाही.

हे सांगणारं कलम 37 एकाच वाक्याचं आहे आणि त्याचा पहिला अर्धा भाग सगळ्यांना पाठ असतो: या तरतुदी कोर्टाकडून अमलात आणून घेता येणार नाहीत. उरलेला अर्धा वाचायला बहुतेकांना सवड नसते. तो म्हणतो की तरीही ही तत्त्वं देशाच्या कारभाराच्या मुळाशी आहेत आणि कायदे करताना ती लागू करणं हे राज्याचं कर्तव्य आहे. कर्तव्य हा शब्द तिथे स्पष्ट आहे. फक्त त्या कर्तव्याचा हिशेब कुणी विचारायचा, एवढंच बदललंय.

आम्हा वकिलांना कलम हातात आलं की आधी क्रियापद बघायची खोड असते. भाग तीनमध्ये राज्य 'नाकारणार नाही', 'हिरावून घेणार नाही' अशी भाषा आहे. भाग चारमध्ये बहुतेक ठिकाणी राज्य 'प्रयत्न करील', 'प्रयत्नशील राहील'. तुमचं कलम 45 याच दुसऱ्या भाषेतलं. प्रयत्न केला की नाही, हे कोर्टाने कसं मोजायचं? सरकारी वकील शपथपत्रात प्रयत्नांची यादी देतात आणि विषय तिथेच संपतो.

दोन गैरसमज जाता जाता. हे सगळे 'नागरिकांचे हक्क' नाहीत. समानतेचं कलम 14 आणि जीविताचं कलम 21 कोणाही व्यक्तीला आहे, परदेशी माणसालाही. भाषण, संचार, व्यवसाय हे कलम 19 मधले हक्क फक्त नागरिकांचे. दुसरं असं की 'हक्क म्हणजे सरकारने काय करू नये आणि तत्त्व म्हणजे सरकारने काय करावं' हे गाइडमधलं वाक्य ढोबळ आहे. अस्पृश्यता बंद करणारं कलम 17 माझ्या-तुमच्यावरही बंधन घालतं, आणि 6 ते 14 वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षण देण्याचं कलम 21क सरकारला खर्च करायला लावतं. तरी दोन्ही मूलभूत हक्कच.

आता लिहिलीच कशाला, हा प्रश्न. तुमच्या आधी हा प्रश्न संविधान सभेतच विचारला गेला होता, आणि तिखट शब्दांत. के. टी. शहा म्हणाले, हा बँकेवरचा असा चेक आहे की जो बँकेला जमेल तेव्हा वटेल. टी. टी. कृष्णमाचारींनी तर या भागाला भावनांची कचरापेटी म्हटलं. हक्कांची दोन गटांत वाटणी करायची, एक कोर्टात मागता येतील असे आणि दुसरे न येतील असे, ही कल्पना घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांनी मांडली होती. आयर्लंडच्या 1937 च्या घटनेचा नमुना समोर होता. डॉ. आंबेडकरांचं उत्तर 4 नोव्हेंबर 1948 च्या भाषणात आहे. त्यांचं म्हणणं असं की सत्ता कोणाच्याही हाती येवो, त्याला मन मानेल तसं वागता येणार नाही. ही तत्त्वं म्हणजे त्याला दिलेलं सूचनापत्र. ती मोडली म्हणून तो कोर्टात उत्तर देणार नाही कदाचित, पण निवडणुकीला मतदारांसमोर द्यावंच लागेल. तुम्हाला हे भाबडं वाटेल. मलाही तरुणपणी वाटायचं.

पण त्या वेळची तिजोरी डोळ्यांसमोर आणा. नुकती फाळणी झालेला देश. कुणाकडे शाळा नाहीत, दवाखाने नाहीत. शिक्षण, रोजगार, पोषण हे सगळं पहिल्याच दिवशी कोर्टात मागता येईल असा हक्क म्हणून लिहिलं असतं, तर निकाल मिळाले असते आणि अंमलबजावणी शून्य. मूळ कलम 45 हे भाग चारमधलं मुदत घातलेलं एकमेव कलम होतं: 14 वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत आणि सक्तीचं शिक्षण. ती मुदत 1960 साली संपली. पुढे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय.

पहिली टक्कर घटना लागू झाल्यावर लगेच झाली. मद्रास राज्यात वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या जागा जातीधर्मावर वाटल्या जात: दर 14 जागांपैकी ब्राह्मणेतर हिंदूंना 6, मागास हिंदूंना 2, ब्राह्मणांना 2, हरिजनांना 2, अँग्लो-इंडियन व भारतीय ख्रिश्चनांना 1, मुस्लिमांना 1. चंपकम दोराईराजन यांनी त्याला आव्हान दिलं. (त्यांनी प्रवेशाचा अर्जसुद्धा केला नव्हता. आज अशी याचिका पहिल्याच तारखेला फेटाळली गेली असती.) सरकारने दुर्बल घटकांच्या हिताचं कलम 46 पुढे केलं. 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तत्त्वांनी हक्कांच्या मागून चालायचं. सरकार हरलं आणि त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली. त्यातून कलम 15(4) आलं. म्हणजे ज्या तत्त्वाला कोर्टाने दारात अडवलं, त्यालाच संसदेने भाग तीनमध्ये खुर्ची दिली.

पुढची तीस वर्षं जमीनदारी, बँका, कारखाने यांवरून झगडा चालू राहिला. 1971 मध्ये 25 व्या दुरुस्तीने कलम 31ग आलं: कलम 39(ख) आणि (ग) मधली तत्त्वं, म्हणजे समाजाच्या साधनसंपत्तीचं न्याय्य वाटप आणि संपत्तीचं केंद्रीकरण रोखणं, अमलात आणणारा कायदा कलम 14 किंवा 19 मोडतो म्हणून रद्द करता येणार नाही. केशवानंद भारती खटल्यात 1973 साली तेरा न्यायाधीशांच्या पीठाने 7 विरुद्ध 6 अशा मतांनी ते एवढ्यापुरतं टिकवलं. मग आणीबाणीतल्या 42 व्या दुरुस्तीने ही ढाल भाग चारमधल्या सगळ्याच तत्त्वांना देऊन टाकली. कुठलाही कायदा करायचा, वर एखादं तत्त्व चिकटवायचं, की हक्क गप्प. 1980 मध्ये मिनर्व्हा मिल्स प्रकरणात हे रद्द झालं. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, आपल्या पुण्याचे, यांनी लिहिलं की भाग तीन आणि चार ही रथाची दोन चाकं आहेत आणि त्यांच्यातला तोल हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा, म्हणजे संसदेलाही मोडता न येणाऱ्या गाभ्याचा, भाग आहे. तेव्हापासून 'श्रेष्ठ कोण' हा प्रश्न कोर्टात कुणी विचारत नाही. परीक्षेत अजून विचारतात.

एक गोष्ट क्लासमध्ये सांगत नाहीत. कोर्टात मार्गदर्शक तत्त्वांचा आधार सर्वात जास्त कोण घेतं? गरीब याचिकाकर्ता नव्हे, सरकार. आणि बहुतेक वेळा नागरिकाच्या हक्काविरुद्ध. हक्कांवर वाजवी बंधन घालता येतं. बंधन वाजवी आहे की नाही हे ठरवताना सरकार म्हणतं, बघा, हे तर घटनेतल्याच तत्त्वासाठी केलंय. दारूबंदीचा 1949 चा मुंबईचा कायदा 1951 मध्ये बलसारा खटल्यात बहुतांशी टिकला, त्यात कलम 47 चा वाटा होता. फक्त मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं वापरण्यावरची बंदी कोर्टाने उडवली. गोवंश हत्याबंदीला कलम 48 चा आधार मिळाला. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातली कत्तलबंदी कायम ठेवली, पण बाहेरच्या राज्यातून आणलेलं गोमांस घरात बाळगणं हा गुन्हा ठरवणारं त्या कायद्याचं कलम 5ड रद्द केलं. कारण तिथे प्रश्न माणसाच्या स्वयंपाकघराचा, खासगीपणाचा होता. तत्त्व कत्तलखान्यापर्यंत पोचलं, फ्रिजपर्यंत पोचलं नाही.

याचं सगळ्यात ताजं आणि आपल्या घरचं उदाहरण मुंबईच्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, चाळींचं. गिरगाव, काळबादेवी, परळ भागातल्या जुन्या भाड्याच्या इमारती तुम्ही पाहिल्या असतील. लाकडी जिने, टेकू लावलेल्या गॅलऱ्या, बाहेर म्हाडाची 'धोकादायक इमारत' अशी पाटी. घरमालक भाडं एवढंसं मिळतं म्हणून दुरुस्ती करत नाही. भाडेकरू पागडी दिलीय म्हणून हलत नाही. 1986 मध्ये म्हाडा कायद्यात प्रकरण 8अ घातलं गेलं: 70 टक्के रहिवाशांनी सोसायटी करून मागणी केली तर म्हाडाच्या मंडळाला ती इमारत ताब्यात घेता येईल आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम मिळेल. ज्या जागेचा भाव कोटीत, तिथलं भाडं शेकड्यात, त्याची शंभरपट! मालक कोर्टात गेले. सरकारने कलम 39(ख) आणि 31ग पुढे केलं: कायद्यातच लिहिलंय की हा 39(ख) साठी आहे. उच्च न्यायालयात मालक हरले, 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि प्रकरण नऊ न्यायाधीशांपुढे जाऊन 5 नोव्हेंबर 2024 ला उत्तर आलं. बहुमताने ठरलं की प्रत्येक खासगी मालमत्ता ही 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' होत नाही. काही होऊ शकते, पण वस्तू कोणती, तिचा समाजावर परिणाम काय, ती किती दुर्मीळ आहे, हे बघावं लागेल. हे उत्तर लिहिणारे तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, म्हणजे मिनर्व्हा मिल्सवाल्यांचे चिरंजीव. बत्तीस वर्षं प्रश्न होता 'तत्त्वाचा अर्थ काय'. आणि म्हाडाचं प्रकरण 8अ वैध की अवैध, हे त्या नऊ जणांनी ठरवलंच नाही, ते नेहमीच्या पीठाकडे परत पाठवलं. जिने अजून लाकडीच आहेत.

म्हणजे ज्यांच्या जोरावर कोर्टात काही मागता येत नाही असं आपण म्हणतो, त्या कलमांमुळे नागरिकाचा हक्क कमी-जास्त होतो. निरुपयोगी गोष्टीसाठी नऊ न्यायाधीश बसत नाहीत.

आता तुमच्या बाजूची बोटं बघू. पहिलं कलम 21. 'जीवित' म्हणजे नुसता श्वास नव्हे, असं एकदा ठरल्यावर भाग चारमधल्या बऱ्याच गोष्टी त्या एका शब्दात शिरल्या. मुंबईतल्या फुटपाथवासीयांचा ओल्गा टेलिस खटला याचं मूळ. जुलै 1981 मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवर राहणाऱ्यांना उठवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. ऐन पावसात झोपड्या पाडल्या गेल्या. 1985 मध्ये पाच न्यायाधीशांनी सांगितलं की उपजीविकेचं साधन काढून घेणं म्हणजे जगणंच काढून घेणं. त्यासाठी त्यांनी आधार घेतला कलम 39(क) चा, पुरेसं उपजीविकेचं साधन, आणि कलम 41 चा, कामाचा हक्क. दोन्ही भाग चारमधली. कोर्टाचं म्हणणं असं की राज्यावर उपजीविका मिळवून देण्याची सक्ती करता येत नसेल कदाचित, पण असलेली उपजीविका रीतसर प्रक्रियेशिवाय काढून घेता येणार नाही.

हा निकाल भाषणांत फार मिरवला जातो, त्यामुळे शेवटचं पानही सांगतो. फुटपाथवर राहण्याचा हक्क मिळाला नाही. नोटिशीशिवाय अतिक्रमण हटवू देणारं महापालिका कायद्याचं कलम 314 वैध ठरलं. पाडकाम 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत, पावसाळा जाईपर्यंत, थांबवलं. 1976 च्या गणनेत ज्यांना ओळखपत्रं मिळाली होती त्यांना पर्यायी जागा द्यायला सांगितलं. तत्त्वाने दिलं ते एवढंच. पण तेवढ्याच दोरीला धरून पुढे देशभरात हजारो लोकांनी 'आधी नोटीस, आधी सुनावणी' मिळवली. मीही मिळवून दिलीय. अशी नोटीस हातात पडलेला माणूस किती शांत झोपतो, ते बघायला पाहिजे. झोपडी उद्या जाणार नाही, पुढच्या महिन्यात जाईल, एवढंच असतं त्यात.

दुसरं बोट कायद्याचं, आणि माझ्या मते हे जास्त भक्कम. शिक्षणाचंच बघा. कलम 45 ची मुदत उलटून तीस वर्षं झाल्यावर 1993 मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम 21 मध्ये वाचलं. 2002 मध्ये 86 व्या दुरुस्तीने कलम 21क आलं, 2009 मध्ये शिक्षण हक्क कायदा झाला आणि दोन्ही 1 एप्रिल 2010 ला लागू झाले. त्या कायद्याचं कलम 12 खासगी शाळांना पहिलीच्या 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायला लावतं. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने नियम बदलला: सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला या 25 टक्क्यांतून सूट. पालक मुंबई उच्च न्यायालयात गेले. मे महिन्यात स्थगिती, जुलैमध्ये ती दुरुस्तीच रद्द, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ढवळाढवळ करायला नकार दिला. सहा महिन्यांत निकाल! हेच पालक 1975 साली मूळ कलम 45 घेऊन गेले असते तर सरकारी वकिलांनी कलम 37 दाखवलं असतं आणि मॅटर दहा मिनिटांत संपलं असतं. मधल्या काळात मुलं बदलली नाहीत, त्या वाक्याचा घटनेतला पत्ता बदलला.

महाराष्ट्राने हे एकदा देशाच्या आधी केलंय. कामाच्या हक्काचं कलम 41 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' अशी पळवाट ठेवून लिहिलेलं. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात विसापूरला केलेल्या प्रयोगातून रोजगार हमीची कल्पना उभी राहिली, 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली आणि 26 जानेवारी 1979 पासून तिचा कायदा लागू झाला. मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. पैसा कुठून? तुमच्या घरात कुणी नोकरदार असेल तर पगाराची चिठ्ठी काढून बघा: 'व्यवसाय कर 200', फेब्रुवारीत 300. 1975 पासूनचा हा कर रोजगार हमीसाठीच बसवला होता. शहरातल्या पगारातून दुष्काळी गावातल्या खडी फोडण्याची मजुरी. केंद्राने अशा हमीचा कायदा केला तो 2005 मध्ये.

काही तत्त्वांना मात्र देशभर चालेल असं बोट अजून मिळालेलं नाही. समान नागरी कायद्याचं कलम 44 घ्या. 1985 च्या शाहबानो निकालापासून न्यायालयांनी खेद बराच व्यक्त केला, पण 'कायदा करा' असा हुकूम सरकारला दिला नाही, देता येतही नाही. गोव्यात सर्वांना एकच कौटुंबिक कायदा आहे हे खरं, पण तो 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला. कलम 44 चं त्यात काही कर्तृत्व नाही. दारूबंदीचं तर बोलायलाच नको. त्याच कलम 47 च्या छायेत चंद्रपूरला 2015 मध्ये बंदी आली आणि 2021 मध्ये उठली, गडचिरोली आणि वर्ध्यात ती आहे. आणि राज्याच्या अंदाजपत्रकात उत्पादन शुल्काचा आकडा दरवर्षी अभिमानाने छापला जातो. तत्त्व तेच, सरकारची गरज वेगळी.

तर तुमची अंगणवाडी. नुसतं कलम 45 लिहून याचिका केलीत तर सरांचं भाकीत खरं ठरेल. पण तुमच्याकडे दोन्ही बोटं आहेत.

2001 मध्ये राजस्थानात दुष्काळ होता आणि सरकारी गोदामांत धान्य भरलेलं होतं. त्यावरून नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या पीयूसीएल या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिथे भाग चारमधलं पोषणाचं कलम 47 कलम 21 चं बोट धरून आत आलं. 13 डिसेंबर 2006 च्या आदेशात न्यायालयाने म्हटलं की सहा वर्षांखालची किमान 40 मुलं असलेल्या ज्या वस्तीत अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. मग 2013 मध्ये राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आला. त्याचं कलम 5 सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या मुलाला स्थानिक अंगणवाडीतून वयानुरूप मोफत आहाराचा हक्क देतं. कलम 4 गरोदर आणि स्तनदा मातांसाठी आहे. कलम 8 म्हणतं की आहार दिला नाही तर अन्न सुरक्षा भत्ता द्यावा लागेल. तक्रारीसाठी जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, त्यावर राज्य अन्न आयोग. इथे 'प्रयत्नशील राहील' नाही. इथे 'हक्क' आहे.

म्हणून भाषा बदला. अर्जात 'घटनेच्या कलम 45 नुसार अंगणवाडी सुरू करावी अशी नम्र विनंती' असं लिहू नका. वाडीचं नाव, अंगणवाडीचा क्रमांक, ती कोणत्या तारखेपासून बंद आहे, सहा वर्षांखालची मुलं किती, त्यांची नावं आणि जन्मतारखा, गरोदर आणि स्तनदा माता किती, एवढं लिहा. ही यादी आशाताईंकडे असते, एका दुपारचं काम आहे. खाली लिहा की अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 5 खालचा आहार अमुक दिवसांपासून मिळालेला नाही, तो सुरू करावा, सेविकेचं पद भरेपर्यंत शेजारच्या अंगणवाडीच्या सेविकेकडे कार्यभार द्यावा, आणि कलम 8 खालचा भत्ता द्यावा. पालकांच्या सह्या. एक प्रत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना, एक जिल्हा परिषदेच्या महिला व बालविकास विभागाला, एक जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांना. ग्रामसभेचा ठराव जोडता आला तर उत्तम. नाही झाला तरी थांबू नका.

माझा अनुभव असा की भत्त्याचं वाक्य वाचल्यावर फाइल हलते. कर्तव्याची आठवण कुणालाच झोंबत नाही, पण वसुली कुणाच्या नावावर निघेल हा प्रश्न लगेच झोंबतो.

महिना-दीड महिना वाट बघा. काहीच झालं नाही तर उच्च न्यायालय, कलम 226. फीची काळजी करू नका. मोफत कायदेशीर मदत हेही मूळचं मार्गदर्शक तत्त्वच, कलम 39क (मघाचं 39(क) नव्हे, हे वेगळं कलम), आणीबाणीतल्या त्याच 42 व्या दुरुस्तीने आलेलं. 1987 च्या कायद्याने त्याचा हक्क झाला, आणि त्या कायद्याखाली महिलांना उत्पन्नाची अट नाही. 15100 या क्रमांकावर फोन करा किंवा तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा. याचिकाकर्त्या म्हणून वाडीतल्याच दोन-तीन आयांची नावं घाला. याचिकेत पहिलं ग्राउंड अन्न सुरक्षा कायद्याचं, दुसरं कलम 21 चं. आणि तिसऱ्या क्रमांकावर तुमचं कलम 45 नक्की घाला, मी त्यावर रेघ मारणार नाही.

फक्त एक. अर्ज देताना आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. बारनिशीतला माणूस 'ठेवून जा, बघतो' म्हणेल. ठेवून जाऊ नका.